आमच्या बंगल्यातले सर

लोणावळ्याजवळच्या तुंगार्लीतल्या आमच्या बंगल्याचे तीन ईमेल पत्ते आहेत आणि तिन्हींच्या मागे मी एकटी आहे. एक बुकिंगचा, एक हिशेबाचा, एक मॅनेजमेंटचा. पाहुण्यांना वाटतं, आत कुठेतरी एसी केबिन असेल, माणसं खुर्च्यांवर बसून कामं करत असतील. खुर्च्या कसल्या! मी ओट्याशी उभी असते. दूध उतू जाऊ नये म्हणून एका हाताने गॅस बारीक करते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'आमचा अकाउंट्स विभाग आपल्याशी लवकरच संपर्क साधेल' असं लिहिते. मग दूध उतरवते आणि अकाउंट्स विभाग होते.

हे उद्योग मला हौस म्हणून सुचलेले नाहीत. सासऱ्यांची इथली जमीन बरीचशी विकली गेली होती. राहिलेल्या तुकड्यावर आम्ही बंगला बांधला आणि तो पर्यटकांना भाड्याने द्यायचं काम मी अंगावर घेतलं. नवरा आंबीच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, त्याला वेळ कुठला. सुरुवातीला एकच पत्ता होता आणि खाली माझं नाव, आडनाव, सगळं. लोक लिहायचे, 'मालकांशी बोलायचंय.' मी लिहायचे, 'मीच मालक.' त्यावर एका गृहस्थाने उत्तर धाडलं, 'ठीक आहे, पण मिस्टरांचा नंबर द्या.' आमच्या मिस्टरांना घरात चादरी किती आहेत तेही माहीत नाही. त्यांचा नंबर घेऊन हा बाबा काय करणार होता, देव जाणे. माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी मी मॅनेजमेंटचा पत्ता काढला. खाली नाव नाही, गाव नाही, नुसतं 'जनरल मॅनेजर'.

आणि काय सांगू, जग एकदम सभ्य झालं. 'डियर सर.' 'रिस्पेक्टेड सर.' 'सर, आपला मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.' नाव न लिहिणारा माणूस म्हणजे पुरुषच, याबद्दल कोणाला शंकासुद्धा आली नाही.

मग मीही सरांना हळूहळू स्वभाव दिला. सर त्याच दिवशी उत्तर देत नाहीत. सर सॉरी म्हणत नाहीत. सर दोन ओळींच्या वर जात नाहीत. भाव का कमी होणार नाही हे बुकिंगवाली बाई पानभर समजावून सांगते. पाण्याचा टँकर, साफसफाई, विजेचं बिल, सगळं मांडते. तरी समोरचा म्हणतो, 'बघा ना मॅडम, करा की थोडं ॲडजस्ट.' सर लिहितात, 'शक्य नाही.' लगेच, 'ओके सर, थँक यू सर.' अरे, तीच बाई आहे ती! तोच अंगठा आहे!

यात एकच पथ्य पाळावं लागतं. एजंटांना बुकिंगवरून लिहायचं, कंपन्यांना सरांकडून, बिलं हिशेबाच्या पत्त्यावरून. मोबाइलवर मजकुराच्या वर 'फ्रॉम' अशी ओळ असते. ती दाबली की सगळी खाती दिसतात. आधी ती ओळ बघायची, मगच पाठवायचं. एकदा घाईत न बघता समोर उघड्या असलेल्या मेललाच उत्तर टाकलं आणि 'दादा, गॅस संपलाय, दोन सिलेंडर लगेच पाठवा' हे सरांच्या पत्त्यावरून एका कंपनीला गेलं. त्यांचं उत्तर आलं, 'सर, हे बहुधा चुकून आमच्याकडे आलं असावं.' सरांची चूकसुद्धा 'बहुधा' असते. माझी असती तर थेट अक्कल काढली असती.

असं छान चाललं होतं. मग मावशींचं प्रकरण झालं.

मावशी आमच्याकडे स्वयंपाक करतात. डोंगरावरच्या आदिवासी वाडीतून रोज खाली येतात. त्यांच्या हातची भाकरी आणि पिठलं खाऊन लोकांनी बोटं चाटलेली मी बघितली आहेत. पण त्यांचे गुडघे गेलेत. खाली बसल्या की उठवत नाही. म्हणून पाहुण्यांचं आटोपलं की त्या जेवणाच्या मोठ्या टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खुर्चीवर ताट घेऊन बसतात. त्यांची जागा ठरलेली.

पुण्याच्या एका कंपनीची ट्रेनिंगची माणसं आमच्याकडे वर्षभर यायची. शनिवार-रविवार काय, लोणावळ्यात गर्दी असतेच. पण ही कंपनी म्हणजे आमचे सोमवार ते शुक्रवार. त्या दिवशी सगळे जेवून वर गेले. मावशी ताट घेऊन बसल्या. तेवढ्यात कंपनीचा अधिकारी विसरलेला चार्जर न्यायला परत आला. तो मावशींना म्हणाला, "ओ बाई, हे गेस्टचं टेबल आहे, उठा." त्यांचा घास हातातच राहिला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "जेवू द्या त्यांना." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. ओढणी खोचलेली बाई म्हणजे कामवालीच असणार ना!

संध्याकाळी बुकिंगच्या पत्त्यावर तक्रार आली, की स्टाफने पाहुण्यांच्या टेबलावर बसणं योग्य नाही. मी उत्तर दिलं, 'टेबल बंगल्याचं आहे, मावशीही बंगल्याच्या आहेत. त्या तिथेच बसतील.' त्यावर, 'तुमच्या वरिष्ठांशी बोलतो.' बोल बाबा. थोड्याच वेळात माझ्याच फोनवर सरांना मेल आली. 'डियर सर, आपली स्वयंपाकीण बदलावी. तसंच आपली बुकिंगची मुलगी फार उद्धट आहे, तिला समज द्यावी. अन्यथा पुढच्या बॅचेसबद्दल आम्हाला विचार करावा लागेल.'

मला आधी हसूच आलं. मुलगी म्हणे! पन्नाशी दिसायला लागली मला.

दुसऱ्या दिवशी मात्र हसू पळालं. दुपारी मावशी टेबलाशी दिसेनात. मागच्या दाराच्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "हे काय?"

"ऱ्हाऊ द्या ताई. माझ्यापायी तुमचं गिऱ्हाईक नगं जायला. मी हितंच बरी."

जेवण झाल्यावर त्यांना उठता येईना. मी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. वजन काहीच नव्हतं त्यांचं. इतका राग आला मला, की तो कोणावर काढू ते कळेना.

रात्रपाळीला निघताना नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात? सरांकडून दोन ओळी टाक. 'योग्य ती कारवाई करू' म्हण. कोण बघायला येतंय? मावशी बसतील तशाच."

खरं सांगते, क्षणभर पटलं. सर कुठे खरे आहेत? खोट्या माणसाने खोटं लिहिलं तर बिघडलं कुठे? लिहिलंही मी तसं. मग वाचून बघितलं आणि अंगाचा तिळपापड झाला. या सरांना मी जन्माला घातलं ते आगाऊ लोकांची तोंडं बंद करायला. मावशींना ताटावरून उठवायला नाही! आणि मी म्हणे मला समज देणार!

सगळं पुसलं. 'फ्रॉम'ची ओळ दाबली. यादीत सगळ्यात खाली माझं जुनं खातं होतं, कॉलेजात असताना तळेगावच्या सायबर कॅफेत उघडलेलं. त्यावर विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही. पण त्यावर माझं नाव आहे. ते निवडलं आणि लिहिलं:

'आपण बुकिंगला लिहिलंत ती मी. आपण सरांना लिहिलंत तेही मीच. बिलं पाठवते तीही मी, आणि "जेवू द्या त्यांना" म्हणाले तीसुद्धा मी. या बंगल्यात माझ्या वर कोणी नाही. मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खुर्चीवर बसतात. दुखत नसते तरी बसल्या असत्या. हे चालणार असेल तर आपलं स्वागत आहे.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. बॅचेसही आल्या नाहीत. आठवडेच्या आठवडे बंगला मधल्या वारी रिकामा राहिला. नवरा जेवताना सुस्कारे टाकायचा ते मला ऐकू येत होते. त्रास झाला का? झाला. पस्तावले का? हट्!

मावशींना मी हाताला धरून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या मला फोनवर 'सरांना विचारावं लागेल' म्हणताना कायम ऐकायच्या. त्यांना वाटायचं, सर मुंबईला असतात.

"म्हंजी सर म्हंजी तुमीच व्हय?"

"मीच."

त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "मंग मला बी करा की सर. तुमीच का म्हून?"

का नाही? चौथं खातं उघडलं, स्वयंपाकघराचं. खाली लिहिलं, 'प्रमुख, भोजन विभाग'. जेवणाबद्दल काय ते या पत्त्यावर कळवा, असं बाकीच्या तिन्ही खात्यांवरून सगळ्यांना सांगून टाकलं. मावशींना वाचता येत नाही. मी वाचून दाखवते, त्या सांगतात, मी लिहिते.

त्या खात्यावर पहिली मेल आली ती एका दुसऱ्याच ऑफिसची. दुपारची वेळ होती. मावशी खिडकीजवळ भाकरी मोडत होत्या. मी शेजारी बसून वाचलं, "रिस्पेक्टेड सर, आमच्या साहेबांना मेनूबद्दल तातडीने बोलायचं आहे. कृपया लगेच उत्तर द्यावं."

मावशींनी घास चावून गिळला. पाण्याचा घोट घेतला.

"त्यास्नी लिवा," त्या म्हणाल्या, "सर जेवाय बसल्यात."

मी 'फ्रॉम'ची ओळ नीट बघितली आणि तसंच्या तसं पाठवून दिलं.