परसातलं पान

नाणेघाटात, दगडी रांजणापाशी सर उभे होते. एम.ए.च्या इतिहासाच्या वर्गाची सहल. आम्ही पोरंपोरी त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसलेलो.

"व्यापारी कोकणातून घाट चढून यायचे. जकात या रांजणात पडायची," सर सांगत होते. "आणि वर कड्याआड दबा धरून बसायची टोळकी. अगदी इंग्रजांच्या काळापर्यंत. डोंगरातले कोळी." मग माझ्याकडं बोट. "हिचे पूर्वज! पाकिटं सांभाळा रे!"

सगळे खो खो हसले. माझ्या शेजारी माझी हॉस्टेलची मैत्रीण बसली होती. एका खोलीत राहायचो आम्ही. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली. गमतीनंच. पुन्हा हशा.

मीही हसले.

सर्वांत जास्त लाज मला त्या हसण्याची वाटते. सरांनी घाव घातला आणि मी दात दाखवले. तिथून माझं गाव, घाटघर, जवळच. बा तेव्हा रानात हिरडा गोळा करत असेल. त्यानं ऐकलं असतं तर काय केलं असतं, हेच परतीच्या गाडीत डोक्यात घुमत राहिलं. मैत्रिणीनं लिमलेटची गोळी पुढं केली. मी घेतली.

पुढं सेट पास झाले. आळेफाट्याकडं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. पोरं मॅडम म्हणायची. मग पीएच.डी.साठी अर्ज केला. विषय दिला, घाटमाथ्यावरच्या कोळ्यांची इंग्रजांविरुद्धची बंडं. पुण्याला मुलाखतीला गेले तर टेबलामागं समितीच्या मधल्या खुर्चीत तेच सर.

माझ्या आधी एक मुलगा आत गेला होता. सरदार घराण्यातला. विषय त्याच्याच घराण्याचा. दाराबाहेर मला सगळं ऐकू येत होतं. "आजोबा कसे आहेत?" सरांनी विचारलं. चहा झाला, हसणं झालं. तो बाहेर आला तो मंजुरी घेऊनच.

मी आत गेले. मला चहा नाही.

"मॅडम, विषय तुमच्याच समाजाचा. तटस्थ राहता येईल का तुम्हाला?" सर म्हणाले. "शिवाय तुमच्याकडे कागद कुठे आहेत? आठवणी म्हणजे इतिहास नव्हे. त्यापेक्षा जुन्नरच्या जुन्या कागद बनवणाऱ्यांवर करा. आत्ता मंजूर करतो."

आत्ता गेला त्याला विचारलंत का हे? एवढंच विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं गिळलं.

"चालेल, सर," म्हणाले. वर थँक्यू म्हणाले. थँक्यू!

त्याच महिन्यात पितृपक्षासाठी घरी गेले. आमच्याकडं पितरांची पानं छपरावर ठेवतात. एक पान मात्र बा परसात, उकिरड्याच्या पलीकडं ठेवतो. नाव न घेता. लहानपणी विचारलं तर आई म्हणायची, "फाशी गेल्याला हाय ते. गप ऱ्हा." मला वाटायचं, इंग्रजांच्या भीतीनं नाव घेत नसतील. जुनी सवय, राहून गेली असेल.

बा खीर वाढत होता. मी सांगितलं, "बा, तो बंडाचा विषय मी सोडला." वाटलं, चिडेल.

"लई बेस केलंस," बा म्हणाला. हात थांबलासुद्धा नाही. "लोकं चोर म्हंत्यात. कशाला वर काढायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

भीती नव्हतीच कधी. लाज होती. माझ्या बाला घाटात कुणी बोट दाखवलं नव्हतं, तरी तो पर्स सांभाळणाऱ्यांच्या बाजूनं बोलत होता. त्याचा बापही तसाच बोलला असणार. आपल्याच माणसाला आम्ही उकिरड्याशी जेवायला घालत होतो.

"बा, तो फाशी गेलेला चोर व्हता का?"

"न्हाई. सरकारनं रान बंद केलं व्हतं. त्यापायी उठली मान्सं. त्यो म्होरं व्हता."

"मग पान परसात का?"

बानं तांब्या उचलून पानांभोवती पाणी फिरवलं.

"नाव काय त्याचं?"

बानं तांब्या खाली ठेवला. इकडंतिकडं बघितलं. अंगणात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"भिवा," म्हणाला.

मी परसात जाऊन ते पान उचललं आणि छपरावर बाकीच्या पानांच्या ओळीत ठेवलं. बा ओरडला नाही, चांगलं केलंस असंही म्हणाला नाही. कावळा आला, शेजारचं पान चाखून गेला. भिवाच्या पानाला शिवला नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो.

मी पुण्याला जाऊन त्याच समितीपुढं पहिलाच विषय पुन्हा दिला.

"तटस्थतेचं काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, घाटात तुम्ही पाकिटं सांभाळा म्हणालात. ती तटस्थता कुठल्या कागदातली?"

कुणीतरी खाकरलं. सरांचा चेहरा उतरला, मग चढला. "उद्धट झालात तुम्ही," म्हणाले. अर्ज नामंजूर. पुढच्या वर्षीही नामंजूर. कागद बनवणाऱ्यांवरचा विषय दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

लाज गेली, असं खोटं सांगणार नाही. एसटीत शेजारची बाई पर्स जवळ ओढते, तिच्या मनातही काही नसतं, पण माझे कान तापतात. फक्त आता मी हसत नाही.

विषय बदलणार नाही. दरवर्षी तोच देईन. सर, मंजूर केलात तर तुमच्यात बसून लिहीन, नाही केलात तर घाटघरला बसून लिहीन. त्याला चोर कुणी म्हटलं ते लिहीन, आणि कशासाठी म्हटलं तेही. पुरावा मागा, शोधून आणीन. पण पहिली ओळ त्याच्या नावानं सुरू होईल. भिवा. आणि ती तुम्हाला सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचावी लागेल.