तळाचा व्हॉल्व्ह

सेवकरामचा दिवस पहाटे चारला सुरू होई. सिहोऱ्याच्या घरून निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर दुपारच्या डब्यापर्यंत पोटात काही नाही. सायकलवरून मिल दिसू लागेपर्यंत उजाडलेलं असे आणि त्याची नजर धुराड्यावर असे. धूर काळा असला तर रात्रपाळीच्या माणसाने भट्टीत भुसा कोंबला, पांढरा असला तर ओला भुसा टाकला. आज कशावरून शिव्या द्यायच्या हे गेटवर पोचण्याआधीच त्याचं ठरलेलं असे.

आमची मिल उसन्या तांदळाची. धान भिजवायचं, वाफेवर शिजवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. वाफ बॉयलर देतो आणि बॉयलरखाली जळतो तो धानाचाच भुसा. सेवकराम त्या बॉयलरचा फायरमन होता. मी हमाल. पोती वाहून माझा खांदा गेला तेव्हा मी घरी बसलो. बसल्या बसल्या माणसांची कामं आठवतो. कष्ट सगळेच करत होते. नीट काम करणारे थोडे. सेवकराम त्यातला.

बॉयलरच्या तोंडावर काचेची उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी खुणेच्या खाली गेलं तर आतल्या लोखंडी नळ्या कोरड्या पडून जळतात. सेवकराम कुणाशीही बोलताना त्या काचेकडेच पाही. नवीन माणसाला वाटे, हा काचेशी बोलतो. दर पाळीला तो बॉयलरच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडी. मोठा आवाज करत गढूळ, पांढुरकं पाणी बाहेरच्या खड्ड्यात पडे. काच पाहत पाहत तो व्हॉल्व्ह बंद करी. घाई कधी नाही, आळस कधी नाही.

दोन गोष्टी मात्र तो पाळीत करत नसे. पाणी पीत नसे आणि लघवीला जात नसे.

मुतारी होती, पण धान वाळवायच्या अंगणाच्या पलीकडे, गोदामामागे. तिथून बॉयलर दिसत नाही. मिलचे मुनशी कृष्णराव यांनी बजावलं होतं की आग पेटलेली असताना फायरमनने जागा सोडायची नाही. नियम चुकीचा नव्हता. सेवकरामने तो पाळला, आणि वर त्याचा अभिमान धरला.

उन्हाळ्यात आम्ही हमाल भुशाच्या ढिगाच्या सावलीत जेवायला बसायचो. आमच्यातला नत्थू त्याला छेडी.

“काय गा सेवकराम, तू उंटाच्या घरचा का? पाणी ना मुतारी!”

“माह्या आंगातलं समदं घामानं निघून जाते. मंग मुतायले कायले जाऊ? काम सोडून तिकडं फिरणं तुमच्यासारख्याईचं.”

“ते दिसूनच राहिलं. तुह्या शर्टावरचं मीठ झटकलं तं माह्या घरची भाजी हप्ताभर भागंल.”

शर्टावर खरोखरच मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असत. सेवकराम हसे आणि काचेकडे पाही. कंबर दुखे तेव्हा किराणा दुकानातली लाल गोळी घेई. गोळी घोटभर पाण्याने उतरे. तेवढंच पाणी.

एका वैशाखात त्याची कंबर दुखायची थांबेना. कळ पाठीतून निघून जांघेत उतरत होती. त्याने भट्टीत भुसा टाकणं बंद केलं, पंप चालवून काचेत पाणी वर घेतलं, दुसऱ्या पाळीच्या फायरमनला घरून बोलावलं, तो येऊन उभा राहिल्यावर जमिनीवर बसला आणि मग ओकला. मालकाच्या गाडीतून आम्ही त्याला भंडाऱ्याला नेलं. मी होतो आणि त्याची बायको धुरपता होती.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवून पाहिलं. उजव्या बाजूला खडा अडकून मागे लघवी तुंबली होती आणि किडनी फुगली होती. असं बरेच महिने चाललं असावं. खडा काढला, पण ती किडनी नावालाच उरली. डावीत वाळूसारखे कण होते.

बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. आपण खातो त्यातलं अंगाला लागतं ते लागतं. वापरून उरलेला मळ रक्तात येतो. औषधाची गोळीसुद्धा आपलं काम करून रक्तातच फिरत राहते. किडनी दिवसभर रक्त गाळते आणि हे सगळं लघवीतून बाहेर टाकते. घामातून जातं ते पाणी आणि मीठ. हा मळ त्या वाटेने जात नाही. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिच्यातले क्षार खाली बसतात आणि त्यांचा खडा बनतो. पाणी इतकं प्या की लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. लाल गोळी कायमची बंद, ती किडनीलाच मारते.

“आणि डावी पण गेली तर?” धुरपताने विचारलं.

“तर आठवड्यातून दोन-तीन वेळा इथे यायचं. यंत्रावर रक्त धुवावं लागेल. जन्मभर.”

सेवकराम कामावर परत आला. लाल गोळी त्याने खरंच सोडली. पण धुरपता सकाळी पाण्याची कॅन भरून देई आणि संध्याकाळी ती जवळजवळ तशीच घरी परत जाई. आम्ही विचारलं तर म्हणाला, “दुखऱ्या बैलाले कोणी जुपते का? एक बैल तं बसला. दुसऱ्याले थोडा आराम देऊन राहिलो. पाणी पेलो का त्याच्या मागं काम लागते.”

आम्ही सगळे बैल हाकलेली माणसं. ऐकणाऱ्याला ते बरोबरच वाटलं. ज्याच्यावर भार आहे त्याचा भार कमी करा, हेच आम्हाला ठाऊक. चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

पावसाळा संपता संपता पुन्हा रक्त तपासलं. डावी किडनी मागे पडू लागली होती. डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की असंच चाललं तर यंत्र फार लांब नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपता स्वतः कॅन घेऊन मिलमध्ये आली. एवढ्या वर्षांत ती बॉयलरजवळ कधी आली नव्हती. सेवकराम तेव्हा तळाचा व्हॉल्व्ह उघडत होता. आवाजाने ती मागे सरली. पाणी खड्ड्यात पडलं, वाफ उठली. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर ती म्हणाली, “एवढं तापलं पाणी फेकून कायले देता जी? भुसा जळला ना त्याच्यावर.”

कामाचं कुणी विचारलं की सेवकराम खुलत असे. “वाफ होऊन जाते ते नुसतं पाणी. पाण्यातला खार, गाळ वाफेसंगं जात नाही वो. मागंच राहते. वाफ जात जाते तसा तो दाट होत जाते. सोडला नाही तं नळ्याईवर खपली धरते.”

“मंग?”

“मंग नळी फुटते.”

“अन् जेवढं सोडलं तेवढं?”

“तेवढं नवं पाणी पंप घेते.”

“पंप बंद करून ठेवा ना मंग. बॉयलरले आराम भेटंल.”

“येडी का तू! आराम कायचा? नळ्या जळतीन!”

धुरपता पुढे झाली. तिने त्याच्या घामेजल्या शर्टाकडे पाहिलं. मग कॅन त्याच्यासमोर ठेवली.

“घाम म्हणजे तुमची वाफच ना जी? गाळ कोठून सोडता तुम्ही?”

सेवकराम काचेकडे पाहू लागला.

“काच नोको पाहू गा,” पोतं खांद्यावर घेऊन उभा असलेला नत्थू म्हणाला, “बाईले जवाब दे.”

सेवकरामने काचेवरची नजर काढली. कॅन उचलली आणि उभ्यानेच प्याला. बराच वेळ प्याला.

पाणी पिणं सोपं होतं. पुढचं अवघड. तासाभरात त्याची चुळबुळ सुरू झाली. एकदा काचेकडे पाही, एकदा अंगणापलीकडे. शेवटी त्याने मला काचेजवळ उभं केलं आणि धावत गेला. तो परत आला तेव्हा कृष्णराव तिथे उभे होते.

“बॉयलरवर हमाल उभा करतोस? उद्या काही झालं तर जबाब कोण देईल?”

“लघवीले गेलो होतो, मुनशीजी.”

“आता घडी घडी जावं लागेल ना तुला?”

“व्हय.”

“मग बॉयलर सोड. गोदामावर ये, पोती मोज. तिथे कितीदाही जा.”

कृष्णराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या बाजूने त्यांचं खरं होतं. पण गोदामावर मजुरी कमी, आणि आग सोडून सेवकराम पोती मोजत बसला आहे हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. त्यालाही येत नसावं. त्याने विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत तो बॉयलरच्या खोलीच्या भिंतीभोवती फिरत होता. व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे जायला भिंतीत दार होतं. त्या दाराबाहेर उभं राहून तो वाकून पाही, एक पाऊल सरके, पुन्हा वाके. मग कोळशाने भिंतीवर खूण करी. तिसऱ्या दिवशी तो मालकाकडे गेला. दाराबाहेर लघवीपुरती मोरी बांधू द्या, म्हणाला. आत उभ्या माणसाला काच दिसेल अशी बांधतो.

मालकाने स्वतः येऊन जागा पाहिली. “बांध. पण मिल यात पैसे घालणार नाही.”

“नोका घालू.”

घरी गोठ्यावर पत्रे टाकायचे ठरले होते. त्या पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेल्या मजुरीतून विटा आल्या, सिमेंट आलं, पाइप आला. मी धुरपताला विचारलं, गाईंचं काय? ती म्हणाली, “गाईले मुतायले कोणाची परवानगी लागते? त्या थांबतीन.”

शोषखड्डा त्याने वेगळा खणला. बॉयलरचं उकळतं पाणी आणि मोरीचं पाणी एका खड्ड्यात नको, या बाबतीत तो हट्टी होता. विटा मी वाहिल्या. माझा खांदा तेव्हा दुखू लागला होता, म्हणून थोड्या थोड्या नेल्या. भिंत बॉयलरकडच्या अंगाने डोळ्याच्या उंचीला आली तेव्हा सेवकरामने एक वीट बसवली नाही. तिथे भोक ठेवलं. आत उभा राहून पाहिलं: काच सरळ समोर, पाण्याची रेघ स्पष्ट. नत्थू उंच. तो आत शिरला आणि म्हणाला, मले तं फक्त धुराडं दिसते. सेवकराम म्हणाला, तू फायरमन झाला का वरची वीट काढून देईन.

कृष्णराव आले, आत उभे राहिले, भोकातून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, “मोरीला दार लाव. उघडं बरं दिसत नाही.” गोदामाचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर कॅन रिकामी घरी जाऊ लागली. तपासणीत डावी किडनी जिथे होती तिथेच थांबली. सुधारली नाही, पण पुढे ढासळलीही नाही. यंत्रावर जायची वेळ आली नाही. आपल्या लघवीचा रंग तो काचेतल्या पाण्यासारखाच रोज पाही. गढूळ दिसला की आल्याबरोबर कॅन तोंडाला लावी.

तो वयाने निवृत्त होईपर्यंत बॉयलरवरच राहिला. गोठ्यावर पुढचं वर्षभर पळसाच्या फांद्यांचं छप्पर होतं. मोरी अजून आहे. त्याच्या मजुरीतून शेवटी आलं ते हेच: तीन बाजूंच्या भिंती, पत्र्याचं दार आणि न बसवलेल्या विटेची जागा. आता नवा फायरमन तिथे उभा राहतो आणि काच पाहतो.