केशवकाकांची जुनी कॉइल

केशवकाका खुर्चीवर बसून कधी काम करत नसत. आमच्या शिरपूरच्या वाचनालयातला कॉम्प्युटर बिघडला की ते यायचे, खुर्ची पायाने मागे सारायचे आणि उभ्यानेच बटणं दाबायचे. मध्येच दारापर्यंत जायचे, रस्ता पाहायचे, परत यायचे. आयुष्यभर त्यांनी विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग, म्हणजे जळलेल्या कॉइलच्या जागी नवी तार गुंडाळायचं काम, केलं होतं. हाताने तार ओढवेना तेव्हा ते कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स शिकले. कुणी नवल केलं की म्हणायचे, "मोटर काय अन् हे काय, बिघाड शोधाची रीत एकच."

बंद मोटर ते आधी दुसऱ्या लाइनवर लावून पाहत. चालली, तर मोटर चांगली. कॉम्प्युटरवरही तसंच. आधी नव्या नावाचं खातं उघडायचे.

मी तिथे झाडझूड करते. शाळा चौथीपर्यंत. काकांनीच मला मराठी टायपिंग शिकवलं, माझ्या नावाचं खातं काढून दिलं, अक्षरं मोठी करून दिली. वाचनालय उघडायच्या आधी तासभर मी त्यात लिहीत असे. काय लिहिते ते घरी कुणाला माहीत नव्हतं. काकांनाही नाही.

एकदा पडद्याच्या तळाची चित्रांची पट्टी बाजूला न्यायला गेले आणि भलतंच काही दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, तर पडदा काळा. नुसता बाण हलत होता. वाचनालयाचे सचिव म्हणाले, "सगळं पुसून नव्यानं टाकू. तसंही त्यात हाये काय?"

त्यात माझं दोन वर्षांचं लिहिणं होतं. मी बादली घेतली आणि फरशी पुसायला लागले. तेवढ्यात काका आले.

"तुह्या खात्यात काही ठेवलं काय वं, सुमन?"

"काही नाही."

"काही नाही त एकच फरशी कितीदा पुसून राह्यली?" मग ते सचिवांकडे वळले. "थांबा जराक. पुसाले काय अक्कल लागते?"

त्यांनी नवं खातं उघडलं. पट्टी, चित्र, सगळं जागच्या जागी. "पाह्य. मशीन ठणठणीत हाये. बिघाड फक्त तुह्या सेटिंगात हाये."

सेटिंगचं फोल्डर नावाआधी टिंब असल्यामुळे एरवी दिसत नाही. काकांनी ते शोधलं आणि त्याचं नाव बदलून 'जुनी' ठेवलं.

"काढूनच टाका ना," सचिव म्हणाले.

"वायंडिंगवाला जुनी कॉइल आधी फेकत नाही, साहेब. मंग नवीले किती वेढे द्याचे ते कोण मोजीन, तुमी?"

मी पुन्हा माझं नाव टाकलं. पडदा उजळला. अक्षरं पहिल्या दिवसासारखी बारीक झाली होती. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"तूच उघड. मले पाहाचं नाही."

उघडलं. सगळं होतं. मी लगेच बंद केलं.

"हाये?"

"हाये."

मग 'जुनी'मधून त्यांनी एकेक सेटिंग परत आणली. आधी मोठी अक्षरं, मग कीबोर्ड. दर वेळी बाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं, मध्ये दाराची एक फेरी. पट्टीची फाइल आणली आणि पडदा परत काळा! काका मात्र खूश. "सापडला चोर!" तेवढी एक फाइल त्यांनी बाहेर ठेवली.

जाताना म्हणाले, "पंधरा दिवस नीट चाललं की ते 'जुनी' फेकून दे. पण तूच फेक. मी कोणाचं फेकत नसतो."

पंधरा दिवस व्हायच्या आत काका गेले. सकाळी अंगणात चहा घेता घेता.

खातं आता वर्षभर नीट चालतंय. लिहायला बसले की आधी 'जुनी'वर बाण नेते, काढायचं बटण दाबते. कॉम्प्युटर विचारतो, नक्की काढायचं का? मग बसवत नाही. उठते, दारापर्यंत जाते, रस्ता पाहते, परत येते. आणि उभ्यानेच 'नाही' दाबते.