डाव्या पायाला काम नाही

आबांची नोकरी मी घालवली. मालकाने नाही, गाडीने नाही. मी, आणि तेही एका ओळीने. ती ओळ आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला येणार नाही: ‘ही गाडी कुणीही चालवू शकतो.’

आबा म्हणजे माझे वडील. सतरा वर्षे फौजेत ट्रक चालवले. पेन्शनीत कोरेगावला आले आणि रहिमतपूरच्या एका हळद व्यापाऱ्याच्या गाडीवर बसले. रहिमतपूर ते सांगलीचं मार्केट यार्ड, जाऊन-येऊन, अकरा वर्षं. मालक त्यांना ‘फौजी’ म्हणत, आणि आबा उतरून त्यांचं दार उघडत. मी पत्रकं लिहिणारा. पाण्यासाठी, एसटीसाठी, कुणाच्या तरी हक्कासाठी कायम पेटलेला. त्या दारावरून मी घरात दोनदा भांडलो होतो. आबा शांतपणे म्हणायचे की दार उघडलं म्हणून काय झालं, गाडी तर माझ्या हातात असते.

गेल्या वर्षी मालकांना नवी गाडी घ्यायची हुक्की आली. आकाराने छोटी, उंच, आतून मऊ चामड्याची, आणि पायाखाली नुसती ताकद. आमच्या अख्ख्या गल्लीतल्या मोटारसायकली विकल्या तरी तिचं एक दार आलं नसतं. असो. मालक दोन गाड्यांवर येऊन अडकले. इंजिनं तोडीस तोड, फरक फक्त गिअरबॉक्सचा. दोन्ही ऑटोमॅटिक, एकीत डबल क्लच, दुसरीत टॉर्क कन्व्हर्टर. मालक म्हणाले, फौजी, तू दोन्ही चालवून बघ आणि सांग.

सांगलीच्या शोरूमला मीही गेलो, स्क्रीनवरचं इंग्रजी वाचून दाखवायला. गेटबाहेरच स्पीडब्रेकर होता. आबांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला. ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नव्हतंच. पाय रुंद ब्रेकवर पडला आणि त्यांनी तो तळापर्यंत दाबला. गाडी जागच्या जागी खिळली, शेजारच्या सेल्समनची फाइल काचेवर आपटली.

‘काका, डाव्या पायाला आता रिटायर करा,’ तो म्हणाला.

आबा मोठ्याने हसले. मग त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून सीटमागे ठेवली. अनवाणी पायाला आठवण राहते, म्हणाले. त्यानंतर तो पाय एकदाही हलला नाही.

दोन्ही गाड्या त्यांनी एकाच रस्त्यावर नेल्या. कुंडलपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत, मग मोकळा रस्ता दिसला की जोरात पुढे. संध्याकाळी घरी चहा पिताना म्हणाले, लिहून घे. मालक बोललेलं विसरतात, कागद जपून ठेवतात.

‘डबल क्लच म्हंजे पहाऱ्यावरचे दोन जवान. एक उभा हाय तवर दुसरा बूट घालून तयार. गिअर कवा बदलला कळत न्हाई, लय चपळ. पर ट्रॉलीमागं रांगाय लागलं की दोघं एकमेकांच्या पायात येत्यात, गाडी हिसके देती. दुसरीत मधी तेल हाय. एक पंखा तेल फिरवतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. एकदम दाबलं तर जरा इचार करती, मग उचलती. पर रांगताना पोटातलं पाणी हलत न्हाई.’

पळवायची हौस असेल तर पहिली, रोज सांगली करायची तर दुसरी. आणि मालकाची दुखरी कंबर बघता दुसरीच घ्यावी, असा त्यांचा निकाल होता. मी भराभर लिहीत होतो. इतका साफ मजकूर आमच्या एकाही पत्रकात आला नव्हता. मग आबा म्हणाले, आता शेवटची ओळ.

‘डाव्या पायाला काम न्हाई म्हणून गाडी सोपी समजू नये. कवा दाबायचं आन कवा दम धरायचा, ते गिअरबॉक्सला कळत न्हाई.’

मी ती वहीत घेतली आणि मालकाच्या कागदावर उतरवलीच नाही. पत्रकं लिहिताना आम्हाला शिकवलेलं, शेवटची ओळ ठोसा पाहिजे, तिथे पण-परंतु नको. आणि खरं सांगायचं तर मला त्या ओळीची लाज वाटली. मला ठेवा हो, अशी विनवणी केल्यासारखी वाटली ती. म्हणून मी माझा ठोसा घातला. आबांनी कागद वाचलाही नाही. तू लिहिलंयस म्हटल्यावर मी काय वाचू, म्हणाले.

मालकांनी दुसरी गाडी घेतली. आठवड्याने म्हणाले, फौजी, ही आता मला शिकव. आबांनी पंधरा दिवस मनापासून शिकवलं, रोज डावी चप्पल सीटमागे काढून ठेवून. सोळाव्या दिवशी मालकांनी माझा कागद काढला, शेवटची ओळ हसत वाचून दाखवली आणि आबांचा सत्कार केला. शाल, नारळ, पेढे. माणूस काढून टाकताना शाल पांघरायची, ही आपली रीत!

आबा एसटीने आले. काखेत शाल, हातात नारळ, डावा पाय अनवाणी. चप्पल मालकांच्या गाडीत, सीटमागेच राहिली होती. मी भडकलो. पत्रक काढतो, रहिमतपूरच्या चौकात वाटतो, म्हणालो. आबा खाटेवर बसले आणि त्यांनी कच्ची वही मागितली. बोट ठेवून सगळं वाचलं, शेवटपर्यंत.

‘ही ओळ त्या कागदावर नव्हती.’

‘लांबत होती, आबा.’

आबांनी वही मिटली. मग ती माझ्याकडे दिली.

‘खोटं न्हाई लिहिलंस तू,’ म्हणाले. ‘अर्धं लिहिलंस.’

मी म्हणालो, निदान चप्पल तरी घेऊन येतो.

‘नगं. तू जाशील आन तिथंबी अर्धंच बोलशील.’

मी गेलो नाही. उजवी चप्पल अजून दाराशी आहे. आई झाडताना ती उचलते, खालचं झाडते आणि परत तिथेच ठेवते.