आईच्या बोलण्यातलं मधलं

माझी आई वाक्य कधी सरळ पूर्ण करत नाही. एकदा स्वयंपाकघरातून तिनं मला हाक मारली, "डाळ शिजली, म्हणजे मी दाबून पाह्यली नाही, वासावरून म्हणते, शिजली, उतरव." लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच बोलतात. पुढे बी.एड. केलं, चिखलीच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि आईच्या ह्या बोलण्याची मला लाज वाटू लागली. कोणी पाहुणा आला की मी तिची वाक्यं मधेच तोडायची. "आई, मुद्द्याचं बोल ना." ती हसायची आणि जिथं तोडलं तिथूनच वाक्य पुढं न्यायची. एक शब्द मागं नाही, एक शब्द पुढं नाही. हे सोपं नसतं, पण तेव्हा माझं तिकडं लक्ष नव्हतं.

आमचं गाव धाडच्या बाजूला. वडील गेल्यापासून शेत आई आणि धाकटे काका मिळून पाहतात. शेतात जायची वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे त्याच्या शेताच्या बांधाकडेनं जाते. मागच्या उन्हाळ्यात काकांची आणि त्या शेजाऱ्याची बोलाचाली झाली आणि त्यानं त्या वाटेवर नांगर घातला. पेरणी तोंडावर आलेली. काकांनी अर्ज केला की हा आमचा पूर्वापारचा गाडीरस्ता आहे, तो मोकळा करून मिळावा. चौकशीला मंडळ अधिकारी गावात येणार होते. जुन्या माणसाचा जबाब लागेल, असं त्यांनी कळवलं. त्या वाटेनं सगळ्यांत जास्त वर्षं चाललेलं माणूस म्हणजे माझी आई.

"तू मराठीची मास्तरीण," काका मला म्हणाले, "तूच लिहून दे. चांगलं कडक लिही."

रविवारी आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी वही घेऊन समोर बसले. ती सांगू लागली:

"मी लग्न होऊन आली तवा त्या वाटेनं गाडी जाये, म्या स्वतः पाह्यली ती सुगीतच, बाकीच्या दिवसाचं सासूबाई सांगत, आन् पायी तं आम्ही रोजच जाऊ. गाडी न्यायच्या आधी मामंजी शेजाऱ्याच्या घरी सांगून येत, इचारून नाही म्हणता येणार, सांगून, आन् त्या घरचं म्हातारं माणूस, खोटं काऊन बोलू, एकदाबी नाही म्हनलं नाही."

मी ते ऐकलं आणि विद्यार्थ्यांच्या निबंधाला लावते तीच कात्री लावली. संध्याकाळपर्यंत माझा कागद तयार झाला: 'मी लग्न होऊन आल्यापासून सदर रस्त्याने बैलगाड्या व माणसे बारमाही ये-जा करीत असत. त्यास कोणीही कधीही हरकत घेतलेली नाही.' दोन वाक्यं, सुटसुटीत. काकांनी कागद वाचला आणि माझ्याकडं पाहून मान हलवली. "असं पाह्यजे!" मलाही बरं वाटलं. आईला वाचून दाखवायचं मात्र मला सुचलंच नाही.

मंगळवारी पंचायतीच्या खोलीत आम्ही बसलो. टेबलामागं मंडळ अधिकारी, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. एका बाजूला काका, आई आणि मी. समोरच्या भिंतीला टेकून शेजारी, हाताची घडी घातलेली, कोणाकडं न पाहणारा. अधिकाऱ्यांनी माझा कागद मोठ्यानं वाचला आणि आईपुढं सरकवला.

"आजी, बरोबर आहे ना? इथं सही करा."

आई चौथी शिकलेली. सही करते, सावकाश वाचतेही. तिनं पेन घेतला, कागदावर बोट फिरवत दोन्ही ओळी वाचल्या आणि पेन खाली ठेवला.

"साहेब, हे माझं नाही."

"म्हणजे? हा रस्ता नव्हता असं म्हणणं आहे का तुमचं?"

"वाट होती. पण हे बोलणं माझं नाही. ह्याच्यातलं मधलं सारं काढून टाकलं."

काका खुर्चीवरून पुढं झाले. "वयनी, मधल्यानं काय होते? मुद्दा तोच हाये. करा सही."

"मी बारा महिने गाडी पाह्यलीच नाही, भाऊजी. न पाह्यलेल्यावर सही कशी करू?"

अधिकाऱ्यांनी कागद उचलून पुन्हा पाहिला. "हे कोणी लिहिलं?"

"मी, सर," मी म्हणाले. "मी मराठी शिकवते." ते वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच माझे कान तापले.

ते रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. "मग पुन्हा लिहा. त्या बोलतील तसं."

आई बोलू लागली आणि मी लिहू लागले. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचं बोलणं नीट ऐकलं. 'गाडी जाये' म्हणताना तिचा आवाज मोकळा होता. 'म्या स्वतः पाह्यली ती सुगीतच' म्हणताना तो थोडा खाली आला, जरा घाईत आला, आणि हात आपोआप पदराकडं गेला. ते संपलं की आवाज पुन्हा वर चढून मूळ वाक्याला जाऊन मिळाला. तिच्या आवाजातच सगळी विरामचिन्हं होती. डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं, अंदाजाचं कोणतं, हे ती त्या मधल्या बोलण्यात वेगळं करून ठेवत होती. आणि मी इतकी वर्षं तेवढंच कापायला शिकवत होते.

सवयीनं मी मधलं सगळं कंसात घालत गेले. आई वाकून बघत होती.

"हे गोल गोल काय केलं?"

"कंस आहे, आई. मधलं बोलणं त्यात लिहितात."

अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, "आजी, वरच्या कचेरीत घाईत वाचतात. कंसातलं कधी कधी कोणी वाचत नाही."

"मंग काढ ते कंस," आई मला म्हणाली. "उघड्यावर लिही."

मी कागद बदलला. कुठं स्वल्पविराम दिले, कुठं अपसारण चिन्हाची आडवी रेघ. 'खोटं काऊन बोलू' हे वगळू का, असं मी डोळ्यांनी विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. ते लिहिलं. 'इचारून नाही म्हणता येणार, सांगून' हेही जसंच्या तसं लिहिलं.

शेजाऱ्याच्या बापाबद्दल आई एवढ्यावर थांबली नाही. "त्या घरचं म्हातारं माणूस एकदाबी नाही म्हनलं नाही. उलट एका सुगीत वाटेत कपाशीची पऱ्हाटी उभी होती तं त्याईनं स्वतः दोन ओळी उपटून गाडी जाऊ देली. हे म्या डोळ्यानं पाह्यलं, हे ऐकलेलं नाही, असं लिही."

शेजाऱ्यानं हाताची घडी सोडली. "काकू, बाबानं पऱ्हाटी उपटली?"

"हो ना बापा. बोंडं होती तिले. माह्या मामंजीनं नको नको म्हनलं."

तो काकांकडं बोट करून अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, सुगीत गाडी जायले माझी कधी ना नव्हती. पायीही कोणी जावो. ह्याईनं येऊन बारमाही रस्ता आमच्या हक्काचा म्हनलं, म्हणून डोकं फिरलं अन् नांगर घातला. सांगून न्या गाडी, एवढंच."

अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. आईनं खाली सावकाश सही केली, आडनाव पूर्ण लिहून.

घरी येताना काका आमच्या पुढं वीस पावलं चालत होते. फाटकापाशी वळून म्हणाले, "मागितला गाडीरस्ता, भेटली पायवाट. घरच्याच माणसानं घालवलं." आई म्हणाली, "म्या पाह्यलं ते सांगतलं." काका पोळ्यालाही आमच्याकडं जेवायला आले नाहीत. आईला त्याचं वाईट वाटलं. सणाचं ताट तिनं त्यांच्या घरी पाठवलं, पण जबाब बदलायला हवा होता असं ती एकदाही म्हणाली नाही.

निकाल पेरणीच्या आत लागला. पायी वाट वर्षभर, सुगीत गाडी किंवा ट्रॅक्टर, मालकाला आधी सांगून. शेजाऱ्यानं धुऱ्यालगतची पट्टी न पेरता ठेवली. सोयाबीन निघालं तेव्हा काका स्वतः त्याच्या घरी सांगायला गेले आणि चहा घेऊन आले. आईला येऊन म्हणाले, "वयनी, उद्या ट्रॉली नेतो." तेवढंच. त्या रात्री ते आमच्याकडं जेवले.

आता नववीला विरामचिन्हं शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण नंतर घेते. आधी सांगते, घरातल्या मोठ्या माणसाचं एक वाक्य, मधलं काहीही न गाळता लिहून आणा. एका मुलीनं आजोबांचं आणलं: 'बस साडेदहाला येते, म्हणजे यायला पाहिजे, काल नाही आली, तरी तू दहालाच जाऊन उभी राहा.' वर्ग हसला. मी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, ह्यातलं काय काढता येईल? बराच वेळ शोधूनही त्यांना काही सापडलं नाही.

मग मी आईचं वाक्य लिहिलं, गाडीचं, सगळ्या स्वल्पविरामांसकट. एकीनं विचारलं, "मॅडम, हे कोण बोललं?"

"माझी आई," मी म्हणाले. "चौथी शिकली आहे." आणि मग त्यांना चौकशीची ती सगळी हकिकत सांगितली, माझ्या पहिल्या कागदासकट.