खंडोबाला सोडलेला मेंढा

शहरातल्या लष्कर भागाच्या मागे, टेकड्यांच्या पायथ्याशी महिपतरावांचं घर. पूर्वज मराठी फौजेबरोबर मेंढरं हाकत दक्षिणेतून इकडे उत्तरेत आले, असं घरात सांगतात. लढले किती आणि राखली किती, ते खंडोबालाच ठाऊक. एवढं खरं की आजूबाजूच्या मराठी घरांनी नोकऱ्या धरल्या, वकिली धरली, या एका घरानं मेंढराची पाठ सोडली नाही.

आणि चाललंही होतं बरं. महिपतरावांना वर्ष कसं फिरतं ते पंचांगापेक्षा मेंढरांवरून आधी कळे. पावसाळ्यात कळप टेकडीच्या माथ्यावर, कारण खालच्या चिखलात खूर सडतात. दसरा झाला की कातरणी, म्हणजे धुकं पडेपर्यंत अंगावर पुन्हा बोटभर लोकर येते. मोहरी उभी असेतो शेताच्या बांधाकडे फिरकायचं नाही. कापणी झाली की तेच शेतकरी हाका मारत, ‘‘दाऊ, दो रात हमारे खेत में बिठा दो,’’ आणि लेंड्यांच्या खताबदली गव्हाची पोती घरी येत. उन्हाळ्यात तिघऱ्याच्या धरणाचं पाणी मागे हटलं की त्या ओल्या काठावरचं गवत. लोकरीला मात्र आता कुत्रं विचारत नाही. टोपी बाजारातला एक घोंगडीवाला घ्यायचा, त्याच्या मुलानं तिथं मोबाइलची कव्हरं टांगली. तेव्हा सगळी मदार कोकरांवर. मार्गशीर्षात जन्मलेलं कोकरू जगलं, अंगानं भरलं, तर वर्षाची चूल पेटणार.

‘‘कळप मेंढीवर जगतो आणि मेंढ्यावर बुडतो,’’ ते कुणालाही सांगत. ‘‘दोन वर्षं झाली की मेंढा बदलावा. बापाला लेकीत ठेवू नये.’’

सांगणारा माणूसच त्यात बुडाला.

त्यांचा एकुलता एक समरजीत शाळेत असताना डेंगूनं अगदी जायला टेकला होता. त्याच्या आईनं, वनमालाबाईंनी, कळपातलं काळ्या तोंडाचं कोकरू उचललं, त्याच्या कपाळाला भंडारा फासला आणि म्हणाल्या, ‘‘खंडेराया, माझं मला दे, हे तुझं तू घे.’’ मुलगा उठला. कोकरू देवाचं झालं. देवाला सोडलेलं जनावर विकायचं नाही, कापायचं नाही, दाव्याला बांधायचं नाही. ते कळपात मोकळं हिंडणार, मरेपर्यंत.

कोकराचा मेंढा झाला, आणि असा झाला की त्याच्या शिंगांकडे बघून माणूस वाट सोडी. महिपतरावांनी राजस्थानातून नवा मेंढा आणला. देवाच्या मेंढ्यानं एका टकरीत त्याची मान मोडली. त्यानंतर कळपात तोच एक. त्याच्या लेकी त्याच्यापासूनच व्याल्या, मग नाती. कोकरं दिसायला लागली ती खालचा जबडा आखूड घेऊन. आचळ तोंडात धरताच येईना.

त्या ज्येष्ठात, मेंढ्या फळायच्या दिवसांत, महिपतरावांनी मेंढ्याच्या पोटाखाली तरटाचं पोतं घट्ट बांधलं. जुना उपाय. मेंढा हिंडतो, पण त्याचं काही चालत नाही, आणि मेंढ्या दुसऱ्या कळपातल्या मेंढ्याकडे नेता येतात.

‘‘अहो, हे काय?’’ वनमालाबाई अंगणातच थबकल्या.

‘‘लंगोट.’’

‘‘देवाला?’’

‘‘देव वर आहे. हा खाली चरतोय.’’

‘‘जीभ आवरा! ज्यानं पोर दिलं त्याच्या पोटाला पोतं बांधताय?’’

समरजीत मोटारसायकल बाहेर काढत होता. तो हसला. ‘‘आई, मी तर सलाइन की बोतल से बरा झालो. देवाचा नंबर त्याच्यानंतर लागला.’’

‘‘तू बोलूच नकोस मेल्या. तुझ्यापायीच उभा आहे तो.’’

आठवडा सरला नाही तोच महाराज बाड्याच्या चौकाजवळ समरजीतची गाडी घसरली. पाय दोन जागी मोडला. दवाखान्यात नवरा-बायको बाकावर शेजारी शेजारी बसली होती. वनमालाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर महिपतरावांनी वाद घातला असता. घरी आल्यावर चप्पलही न काढता ते तसेच मागे गेले आणि आपल्या हातानं पोतं सोडलं.

मग मार्गशीर्ष आला, धुकं आलं, आणि मेंढ्या विऊ लागल्या. कोकरं उभी राहत, आईला शोधत, आचळाशी झटत आणि दमून बसत. वनमालाबाई त्यांना मांडीवर घेऊन बाटलीनं पाजत. दूध तोंडाच्या कडेनं गळून लुगडं भिजे. सकाळी महिपतराव रात्रीत गेलेली टोपलीभर घेऊन ओढ्याकडे जात, आणि टोपलीकडे बघायचं नाही म्हणून त्या चुलीपाशी पाठ करून बसत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य त्यांनी दाखवला, दिवटी ओवाळली, हात जोडले. काय मागावं ते सुचेना. देवाकडे देवाचीच तक्रार कशी करायची?

समरजीत कुबडी टेकत गोठ्यापाशी आला. ‘‘बाबा, बांधा ना परत. माझी गाडी घसरली ती रेतीवर. मी घाबरत नाही.’’

‘‘मी घाबरतो,’’ महिपतराव म्हणाले.

पुढच्या वर्षी हेच होणार, हे त्या अंगणात सगळ्यांना दिसत होतं. विकायला कोकरू नाही, म्हणजे घरात काही नाही. होळीच्या आधी घाटीगावचा एक धनगर टेम्पो घेऊन आला. मेंढ्यांच्या पाठी दाबून बघितल्या, दात बघितले. मेंढ्या चांगल्या होत्या. दुसऱ्या मेंढ्यापासून त्यांना चांगली कोकरं होतील, हे महिपतरावांनीच त्याला सांगितलं.

‘‘और ये पहलवान?’’ त्यानं शिंगांकडे बोट केलं.

‘‘ये बिकाऊ नहीं है.’’

‘‘तो अकेले का करोगे क्या, दाऊ? आरती?’’

टेम्पोतली माणसं हसली. महिपतराव फाळका लावायला मदत करत राहिले. टेम्पो निघाला तसा मेंढा वळणापर्यंत मागे धावला, तिथं उभा राहिला, आणि ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला.

समरजीत आता टोपी बाजारात त्या कव्हरांच्याच दुकानात बसतो, लंगडतो थोडा. महिपतराव पहाटे अजून उठतात. यंदा पाऊस लागला तेव्हा ‘खाली चिखल आहे, खूर सडतील’ म्हणत त्यांनी काठी घेतली. वनमालाबाईंनी मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि सवयीनं गोठ्याचं फाटक सबंध उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत, जसं सगळा कळप जाताना उघडत. त्यातून तो एकटा बाहेर आला, आणि मागून अजून कुणी येतंय का, म्हणून दारातच थांबला.