शुक्रवारच्या तारखेचं पत्र

वाफेबुवा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सव्वीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला, म्हणून लोकांनी चिकटवलेलं. कारखाना बंद पडला तेव्हा बुवा एकावन्न वर्षांचे होते, आणि ह्या वयात माणूस नोकरी मागायला गेला की समोरचा आधी त्याच्या केसांकडे बघतो. आठ महिने घरी बसले. बायको शिवणकामावर घर ओढत होती आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. तिचं ते न बोलणंच बुवांना जास्त लागायचं.

मग एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरसाठी माणूस हवा असल्याचं कळलं. तिथल्या इंजिनिअरने बुवांना थेट बॉयलरपाशी नेऊन उभं केलं. बुवांनी पाण्याची पातळी दाखवणारी काच पाहिली, दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "सेफ्टी व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. वाफ गळतेय."

इंजिनिअर खूश झाला. "काका, नोकरी तुमचीच. फक्त वर ऑफिसात तेवढी चौकशी होईल."

तेवढी चौकशी म्हणजे शिक्केसाहेब. ह्या गृहस्थांनी उभ्या जन्मात भिंतीत एक खिळा ठोकला नसेल, पण कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे ठरवायचं ते ह्यांनी! आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. समोरचा माणूस जरा वेळ हलला नाही, तर त्याच्याही कपाळावर उमटवला असता. त्यांनी बुवांची लेखी संमती घेतली आणि पोलिसांकडून नोंद मागवली. नोंदीत निघालं काय, तर बुवांनी फॉर्मवर आपणहून लिहून दिलं होतं तेच. विसाव्या वर्षी दोन दोस्तांबरोबर एका बंद गोदामातून तांब्याच्या नळ्या चोरल्या, चार महिने कैद. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेबांना मात्र डोंगर पोखरून वाघ सापडल्याचा आनंद झाला.

शुक्रवारी नोटीस घरी आली: जुन्या गुन्ह्यामुळे नोकरी नाकारण्याचा विचार आहे. बायकोने शिवणाचा चष्मा लावून ती वाचली. मागे बारीक अक्षरांत कायदा छापला होता. जुन्या गुन्ह्यावरून नोकरी नाकारायचा विचार असेल, तर आधी उमेदवाराला नोंद दाखवायची, सात दिवस द्यायचे, त्याचं म्हणणं वाचायचं, गुन्हा किती जुना आणि ह्या कामाशी त्याचा संबंध काय ते बघायचं, आणि मगच ठरवायचं.

"म्हणजे अजून काही ठरलेलं नाही," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. "उठा बघू. कागद गोळा करा."

बुवा कामाला लागले. दोन बस बदलून जुन्या फोरमनच्या घरी गेले, त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. बॉयलरचं सर्टिफिकेट, सव्वीस वर्षांच्या नोकरीचा दाखला, सगळं जोडलं आणि मंगळवारी ऑफिस गाठलं.

शिक्केसाहेबांनी पाकिटावर 'मिळाले' असा शिक्का मारला आणि ते न उघडताच फाइलमध्ये सरकवायला घेतलं. फाइलमध्ये आधीच एक पत्र होतं. बुवांनी ते उलट्या बाजूनेच वाचलं. 'आपला खुलासा काळजीपूर्वक विचारात घेऊन कळवण्यास खेद होतो की...'

"साहेब, आज मंगळवार ना?"

"हो. का?"

"ह्या पत्रावर येत्या शुक्रवारची तारीख आहे. खुलासा वाचला म्हणताय, तो तर मी आत्ता दिला."

साहेब ओशाळतील तर शपथ! "अहो, सात दिवस थांबायचा नियम आहे. मग थांबतोयच की शुक्रवारपर्यंत! नोटीस आणि नकार मी एकदमच टाइप करून ठेवतो. पुन्हा पुन्हा कोण बसणार?"

बुवांचं डोकं असं तापलं की टेबल उलटं करावं. पण दाब वाढला की आधी हात आवरायचा, एवढं त्यांना धंद्याने शिकवलं होतं. ते गरीब चेहरा करून म्हणाले, "मग आत्ताच द्या ना. उगाच पोस्टाचा खर्च कशाला?"

साहेबांना ही काटकसर भलतीच आवडली. त्यांनी सवयीने पत्रावर 'रवाना' असा शिक्का मारला, मंगळवारच्या तारखेचा, आणि हसतमुखाने बुवांच्या हातात ठेवलं. आपल्याच पायावर इतक्या आनंदाने धोंडा पाडून घेणारा माणूस बुवांनी पहिल्यांदाच पाहिला.

तिथून बुवा सरळ सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेले. त्या बाईंनी पत्रावरच्या दोन तारखा पाहिल्या, कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात जाऊन साहेबांचं कपाट उघडायला लावलं. साहेबांची खुर्ची गेली. बुवांचे कागद इंजिनिअरसमोर वाचले गेले आणि पंधरा दिवसांत नेमणुकीचं पत्र हातात पडलं.

बुवा ते घेऊन घरी आले आणि बायकोच्या हातात ठेवून भिंतीला टेकले.

"अहो, नोकरी मिळाली ना? मग तोंड का असं पाडलंय?" बायकोने विचारलं.

"कपाटात आणखी त्रेचाळीस फाइली निघाल्या. सगळ्यांत नोटीस आणि नकार एकाच दिवशी टाइप केलेले. खुलाशाची पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती."

"मेल्याला लाज कशी नाही वाटली!"

"बाईंनी फोडली सगळी. एकात कुणाच्या तरी पोरीची चिठ्ठी होती गं. 'माझे बाबा आता चांगले वागतात.' दोन वर्षांपूर्वीची."